घरशाळा, वय ८ आणि ११, कोल्हापूर: रोजचा दिवस कसा बसवायचा आणि दहावीचं काय?

उभा_मारुती (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जूनपासून दोन्ही मुलं घरीच शिकणार आहेत. मुलगी ११ वर्षांची, पाचवी पास. मुलगा ८ वर्षांचा, दुसरी झाली. दोघंही मराठी माध्यमाची. घर शिवाजी पेठेत, वर मोकळी गच्ची, आणि शिकवायला एकच मोठं माणूस. पुस्तकं बालभारतीचीच, ई-बालभारतीवरून पीडीएफ उतरवून.

विचारायचं ते असं. दोन वेगळ्या वयांच्या मुलांना एका माणसानं एकाच वेळी कसं बसवायचं? मुलाची हातच्याची वजाबाकी अडली आहे, ४०२ − १७८ चं उत्तर तो दर वेळी ३७६ काढतो, त्यावर काय करायचं? विज्ञान-भूगोल नुसतं वाचून घेण्यापेक्षा कोल्हापुरात हाताशी काय आहे? आणि कागदपत्रं, पुढची दहावी, याची आत्तापासून काय तयारी लागते?

'मुलं चारचौघांत मिसळणार कशी' हा वाद इथे नको, त्याचा धागा वेगळा आहे.

पाटीपेन्सिल

आधी वेळापत्रक. शाळेसारखे सात-आठ तास घरी लावायला जाऊ नका, महिन्याच्या आत कोसळतं. शाळेच्या तासात हजेरी, वह्या वाटणं, चाळीस पोरांना गप्प करणं हे सगळं धरलेलं असतं. घरी दोन मुलांना सकाळचे अडीच तास नेटाने मिळाले तरी पुष्कळ.

९ ते ९.२५ धाकट्याचं गणित, तुम्ही शेजारी बसून. तेवढ्यात थोरली एकटीनं वाचन किंवा कालच्या गणितांचा सराव करेल. ९.२५ ते १०.०५ थोरलीचं गणित. धाकट्याला सहा उदाहरणं द्या, सहाच, ती झाली की तो मोकळा. मग खाणं. साडेदहाला दोघांसमोर मोठ्यानं वाचन, एकच पुस्तक, अर्धा तास. शेवटी अर्धा तास लेखन: धाकट्याला चार-पाच ओळी, थोरलीला पानभर. धाकटा आधी, कारण तो लवकर दमतो आणि थोरलीला थांबता येतं.

सगळं बिघडतं ते एका गोष्टीनं. एकट्यानं करायला दिलेलं काम नवं असतं. मग दर दोन मिनिटांनी 'आई, हे कसं?' सुरू होतं आणि दोघांचंही होत नाही. एकट्याचं काम नेहमी आधीच आलेल्या गोष्टीचं द्या. नवं जे काही, ते तुम्ही शेजारी असतानाच.

आता वजाबाकी. ३७६ हे उत्तर हलगर्जीपणाचं नाही. त्यामागं पक्का (चुकीचा) नियम आहे: 'मोठ्यातून लहान काढायचं'. ८ मधून २ गेले ६, ७ मधून ० गेला ७, ४ मधून १ गेला ३. त्यामुळे 'नीट बघ' म्हणून काही होणार नाही, तो नीटच बघतोय.

टूथपिकच्या डब्या आणि रबरबँड आणा. दहा-दहाच्या जुड्या बांधा, दहा जुड्यांचा एक गठ्ठा. मोठ्या कागदावर शतक, दशक, एकक असे तीन रकाने आखा. ४०२ म्हणजे चार गठ्ठे, मधला रकाना रिकामा, दोन सुट्या काड्या. आता आठ काड्या मागा. सुट्या पुरत नाहीत, जुडी एकही नाही, मग गठ्ठा सोडावाच लागतो. गठ्ठ्याच्या दहा जुड्या मधल्या रकान्यात गेल्या, त्यातली एक सोडून एककात आली. कागदावर काय राहिलं? ३ गठ्ठे, ९ जुड्या, १२ सुट्या. वजा करायच्या आधी हे ३, ९, १२ वहीत अंकांच्या डोक्यावर लिहून घ्यायचे, मगच पुढे. उत्तर २२४. ताळा म्हणून २२४ + १७८ करून ४०२ येतात का बघायचं.

काड्या सुरू केल्यावर चुका बदलतात, आणि ते चांगलंच लक्षण. २३४ आलं तर गठ्ठा सोडला, पण एक जुडी एककाला दिल्यावर दहाच्या नऊ केल्या नाहीत. ३२४ आलं तर शतकातला एक कमीच केला नाही. उत्तर बघूनच कुठं अडलंय ते कळतं, म्हणून चुकलेलं खोडरबरानं पुसायला लावू नका.

क्रमही महत्त्वाचा: आधी ४५२ − १७८, मग ४३० − १७८, मग ४०२, शेवटी ४००. थेट शून्यवाल्यावर आणलं की अडकतात. काड्या तुम्ही काढून घेऊ नका, त्याला कंटाळा आला की तो स्वतःच सोडेल.

पाढे रोज पाच मिनिटं, त्याहून जास्त नको. २, ५, १० पाठ झाले की ४ आणि ८, मग ३, ६, ९, सगळ्यात शेवटी ७. तोवर सातच्या पाढ्यातलं जवळजवळ सगळं दुसऱ्या पाढ्यांतून येऊन गेलेलं असतं, 'सात सत्ते एकोणपन्नास' तेवढं नवं.

गच्चीवरून

गच्ची आहे म्हणताय, मग निम्मं काम झालं. एक मीटरची सरळ काठी (पाइपचा तुकडाही चालेल) वाळू भरलेल्या डब्यात उभी करा. दोऱ्याला नट बांधून ओळंब्यानं दोन बाजूंनी तपासा. दोन अंशांनी कलली तरी सावलीत तीन-चार सेंटिमीटर फरक पडतो आणि मग आकडे जुळत नाहीत म्हणून मुलं नाराज होतात. बारा ते एक दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूनं खूण करा. सगळ्यात आखूड सावली ती खरी मध्यान्ह, आणि तिची रेघ म्हणजे उत्तर-दक्षिण.

ही मध्यान्ह बाराला येत नाही, साडेबाराच्या मागेपुढे येते. आपलं घड्याळ (भारतीय प्रमाणवेळ) ८२.५ अंश रेखावृत्ताचं, कोल्हापूर साधारण ७४.२ वर. फरक ८.३ अंशांचा, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे ३३ मिनिटं. वर्षभरात हे दहा-पंधरा मिनिटं पुढेमागे सरकतं. सहावीच्या भूगोलात अक्षांश-रेखांश येतात, ते हे केल्यावर शिकवा, आधी नको.

पडताळ्यासाठी, एक मीटर काठीची मध्यान्हीची सावली: २२ डिसेंबरला साधारण ८४ सेंमी, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरला ३० सेंमी, २१ जूनला फक्त १२ सेंमी आणि तीही दक्षिणेकडे (ढग असले तर विषय संपला). ६ मेच्या सुमारास शून्य सावली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परत येते, पण त्या वेळी आपल्याकडे ऊन दिसेल याची खात्री नाही.

याला अंबाबाईचा किरणोत्सव जोडा. मावळतीची किरणं ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारीला गाभाऱ्याकडे येतात. मुलीला कॅलेंडर देऊन विचारा, या दोन तारखांच्या मध्यावर काय आहे? मोजत गेली की २१-२२ डिसेंबरला पोचते. सूर्य दक्षिणेला जाताना ज्या जागी मावळतो, तिथंच परतताना पुन्हा येतो. गच्चीवरून दर पंधरा दिवसांनी मावळतीची जागा समोरच्या इमारतींच्या रेषेवर टिपली तर हेच तिला स्वतः दिसेल.

पावसाळ्यात पंचगंगा. राजाराम बंधाऱ्याची पातळी पेपरात रोज येते, ती सकाळी एकदा आलेखावर मांडायची. एक चौकोन म्हणजे एक फूट. ३९ फुटांवर पिवळी आडवी रेघ (इशारा), ४३ वर लाल (धोका). इथं एक खड्डा आहे: पातळी फूट-इंचांत असते, आणि ३४ फूट ७ इंच म्हणजे ३४.७ नव्हे. ७ भागिले १२, म्हणून ३४.५८. ही चूक हमखास होते. होऊ द्या, मग १० इंच आणि ११ इंच कुठं मांडायचे ते विचारा.

त्याच आलेखाखाली राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडे आहेत ते लिहायचं. एकूण सात, स्वयंचलित. एका दरवाजातून १४२८ क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, म्हणजे एका दरवाजातून सेकंदाला चाळीस हजार लिटरच्या वर. गच्चीवरची हजार लिटरची टाकी सेकंदाला चाळीस वेळा भरेल. दरवाजे उघडल्यापासून इथली पातळी चढायला किती वेळ लागला, ते मुलीनं स्वतःच्या आलेखातून काढावं. दर वेळी वेगळं येईल, कारण राधानगरी फक्त भोगावतीवर. कासारी, कुंभी आणि तुळशी आपापलं पाणी घेऊन येतात. नकाशावर प्रयाग चिखलीचा संगम दाखवला की पटतं. आकडे पेपरातूनच घ्या, पाणी चढलेलं असताना मुलांना घाटावर नेऊ नका.

इतिहासाला टाऊन हॉलचं संग्रहालय. ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची ब्राँझची मूर्ती तिथं आहे. ग्रीकांचा समुद्रदेव घाटमाथ्याच्या अलीकडे कसा आला, एवढा एक प्रश्न घेऊन जा. सगळी दालनं एका दिवसात करू नका.

दाखला_जपा

कागदांचं बोलतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, वय ६ ते १४. कलम १० पालकांवर मुलाला शाळेत घालण्याचं कर्तव्य टाकतं, पण न घातल्यास पालकाला शिक्षा काय, हे कायद्यात कुठंच नाही. घरशाळेला मान्यता नाही आणि स्पष्ट बंदीही नाही. (आपल्याच गावात १९१७ मध्ये शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. तेव्हाचा रुपया.) शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला कोणी दारात आलं तर वाद घालू नका, मुलांची फाईल दाखवा.

फाईल अशी: महिन्याला एक प्लास्टिक फोल्डर. आठवड्याला प्रत्येक विषयाचं एक पान, तारीख घालून, चुकांसकट. वाचलेल्या पुस्तकांची यादी. वरचे आलेखही त्यातच. फक्त सुंदर पानं निवडून ठेवली तर प्रगती दिसतच नाही.

शाळा सोडताना शाळा सोडल्याचा दाखला मूळ प्रतीत घ्या आणि विद्यार्थ्याचा सरल/यू-डायस (सरकारी विद्यार्थी-नोंदणीचा) क्रमांक लिहून ठेवा. जन्मदाखला, आधार आणि दाखला या तिन्हींवर नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळतात का ते आत्ताच बघा. 'ई' दीर्घ-ऱ्हस्व एवढ्यावरून दहावीच्या अर्जाच्या वेळी पळापळ होते.

दहावीचे दोन रस्ते, आणि तुमच्या दोन मुलांची स्थिती इथं वेगळी आहे.

राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून दहावी देण्याचा): कोल्हापूर विभागीय मंडळ (कोल्हापूर, सांगली, सातारा). वय १४ पूर्ण, पाचवी पास आणि शाळा सोडल्याचा दाखला. मुलगी बसते. मुलगा दुसरीवर सुटला तर हा रस्ता आपोआप बंद. त्याच्यासाठी राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीच्या पातळीची परीक्षा आहे, किंवा त्या वयात तो शाळेत एक वर्ष जाऊ शकतो. १७ नंबरला संपर्क केंद्राची शाळा ठरते, अंतर्गत गुण तिथूनच जातात, त्यामुळे फॉर्म भरला आणि थेट मार्चमध्ये उगवलं असं चालत नाही. परीक्षा नियमित मुलांचीच.

एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालय संस्था): दहावीला आधीच्या शाळेचा दाखला नसला तरी चालतं, स्वयंघोषणा पुरते. वय १४ पूर्ण. किमान पाच विषय, त्यात एक भाषा हवीच. मराठी विषय म्हणून घेता येतो. पास व्हायला ३३ टक्के, नोंदणी पाच वर्षं टिकते आणि त्यात नऊ संधी, विषय सुटे सुटे देता येतात. गृहपाठासारखे टीएमए असतात, त्यांना २० टक्के वजन. लोक ते शेवटच्या आठवड्यात ढकलतात आणि हातचे गुण घालवतात. पुढं जेईईचा विचार असेल तर बारावीलाही पाच विषय लागतात, चारवर थांबू नका.

आणि मध्येच शाळेत परत जायचं झालं तर १४ पर्यंत वयानुरूप प्रवेश हा मुलाचा हक्क आहे, कलम ४. दाखला नाही म्हणून किंवा सत्र अर्धं झालं म्हणून नाकारता येत नाही.

गुऱ्हाळ_घर

पाटीपेन्सिल यांचं बाकी पटतं, पण सकाळचे अडीच तास वर्षभर एकसारखे कशाला? नोव्हेंबर ते मार्च गुऱ्हाळं चालू असतात, तेव्हा आठवड्यातली एक सकाळ तिकडं द्या. टनभर उसाचा साधारण १०० ते १२० किलो गूळ होतो. उसाचं वजन, रस आणि गूळ असे तीन आकडे गुळव्याकडून (गूळ करणाऱ्याकडून) लिहून आणले की थोरलीचं शेकडेवारी आणि गुणोत्तर एका आधणात होतं. भेंडीचा चिकट रस मळी कशी वर आणतो, चुना कशाला घालतात, हे विचारायचे प्रश्न आधीच वहीत हवेत, नाहीतर पोरं काकवी पिऊन परत येतात. काहिलीपासून (रस उकळायच्या मोठ्या कढईपासून) दहा फूट लांब, ही अट. उकळता पाक ११८ अंशांच्या आसपास असतो आणि अंगाला चिकटतो.

पाटीपेन्सिल

@गुऱ्हाळ_घर, मान्य. फक्त त्या दिवशीही पाढे आणि अर्धा तास वाचन सोडू नये, एवढंच.

उभा_मारुती

सगळ्यांचे आभार. दाखल्याचं एवढ्या बारकाईनं माहीत नव्हतं. एकच राहिलं: मुलीला पुढची स्कॉलरशिपची परीक्षा देता येईल का? आणि वाचनाला पुस्तकं कुठून?

दाखला_जपा

ताई/दादा, स्कॉलरशिपचा अर्ज शाळेमार्फतच जातो, घरून नाही. बाहेरच्या मूल्यमापनाची सवय हवी असेल तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या गायन-वादनाच्या परीक्षा आहेत, प्रारंभिकपासून, त्यांना शाळेचं बंधन नाही. पुस्तकांना करवीर नगर वाचन मंदिर, १८५० पासूनचं. एकाच्या नावावर सभासदत्व घेऊन दोघांना पुरवत बसू नका, दोन वेगळी कार्डं काढा. धाकट्याला पुस्तक बदलायला दोन दिवस लागतात, थोरलीला दोन आठवडे.