एक्स-रे आणि न्यूक्लिअर मेडिसिन एकच नव्हे

न्यूक्लिअर मेडिसिन म्हणजे किरणोत्सारी औषध देऊन स्कॅन करायचं काम. काही जण म्हणतात की हे एक्स-रेसारखंच काम, मशीन चालवायला आलं की झालं, ते मला पटलं नाही. एक्स-रेत बटण सोडलं की रेडिएशन बंद, इथं औषधच किरणोत्सारी, म्हणजे इंजेक्शन दिल्यावर पेशंटच रेडिएशनचा सोर्स होतो. माझी भाची खानापूरची, दहावीपर्यंत मराठी शाळा, बारावी सायन्स करून मणिपालला याच विषयात बीएस्सी केली, तिचा दिवस जनरेटरमधून (म्हणजे ज्यात किरणोत्सारी पदार्थ तयार होत राहतो त्या डब्यातून) टेक्नेशियम हा स्कॅनच्या औषधातला किरणोत्सारी पदार्थ काढण्यापासून सुरू होतो (ते लोक याला गायीचं दूध काढणं म्हणतात), त्याची हाफ लाइफ (निम्मं व्हायला लागणारा वेळ) 6 तास, सकाळी 8 ला जेवढं असतं त्याच्या निम्मंच दुपारी 2 ला उरतं, त्यामुळं निपाणीच्या पेशंटची बस चुकली की डोसचा हिशेब परत मांडायचा. गणिताचा कंटाळा असेल त्यानं नीट विचार करावा.

रेडिएशनची भीती म्हणाल तर छातीवर टीएलडी बॅज (अंगावर किती रेडिएशन आलं ते मोजणारा बिल्ला) असतो, 5 वर्षांत मिळून 100 मिलिसिव्हर्ट (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) ही मर्यादा, सगळी नोंद राहते. आणि आपल्या सीमाभागातल्या पोरांना मराठी-कन्नड दोन्ही येतं, हे इथं फार कामाचं आहे हो, स्कॅन झाल्यावर भरपूर पाणी प्या, आज नातवाला मांडीवर घेऊ नका, हे आजीला तिच्या भाषेत सांगितलं तरच ती ऐकते.