मदत हवी आहे: विंडोजवरून उबंटूवर डेटा नेल्यावर मायएसक्यूएल सुरूच होत नाही

पॅकहाऊस_पिंपळगाव
पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष पॅकहाऊसचा सर्व्हर विंडोज १० वरून उबंटू २२.०४ वर हलवायचं काम चालू आहे. मायएसक्यूएल (डेटाबेस सर्व्हर) दोन्हीकडे ८.०. उबंटूवर एपीटीने (उबंटूचं पॅकेज इन्स्टॉल करायचं साधन) सर्व्हर टाकला, विंडोजवर काढलेला डम्प (सगळ्या डेटाची एका फाइलमधली नक्कल) चढवला. पण वजन-नोंदीचं सॉफ्टवेअर म्हणतं, 'टेबल PlotMaster सापडत नाही'. टेबल तर डोळ्यांसमोर आहे. लोअर_केस_टेबल_नेम्स = १ ही ओळ मायएसक्यूएलडी.सीएनएफ या सेटिंगच्या फाइलमध्ये टाका, असा सल्ला एका ठिकाणी मिळाला. ती टाकून रीस्टार्ट केलं, तेव्हापासून सर्व्हर उठतच नाही. स्टेटसमध्ये 'फेल्ड' आणि खाली 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली'. एपीटी रिमूव्ह करून पुन्हा इन्स्टॉल केलं तरी तेच. सॉफ्टवेअरचा सोर्स कोड आमच्याकडे नाही. डेटात प्लॉट क्रमांक, बागायतदारांची मराठीत नावं आणि क्रेटची वजनं आहेत. मालाची आवक चालू आहे, त्यामुळे जरा घाई आहे.

टर्मिनलवाला
स्टेटसमध्ये दिसतंय ती फक्त सिस्टमडीची (सर्व्हर सुरू-बंद करणारी लिनक्सची यंत्रणा) तक्रार: सर्व्हर लागोपाठ पडला म्हणून त्याने हात टेकले. खरं कारण /व्हार/लॉग/मायएसक्यूएल/एरर.लॉग मध्ये असतं. त्याच्या शेवटच्या तीसेक ओळी टाका. लॉग पाहिल्याशिवाय काही पुसू नका, आणि एपीटी पर्ज (सेटिंगसकट समूळ काढून टाकणं) तर मुळीच नको. रिमूव्ह केल्यावर डेटा फोल्डर आणि सेटिंगच्या फाइली जागच्या जागी राहतात, म्हणून तर रीइन्स्टॉल करूनही फरक पडला नाही. पर्ज मात्र डेटावरही हात मारू शकतं.

पॅकहाऊस_पिंपळगाव
शेवटच्या ओळी:
एमवाय-०११०८७: डिफरंट लोअर_केस_टेबल_नेम्स सेटिंग्ज फॉर सर्व्हर ('१') अँड डेटा डिक्शनरी ('०')
एमवाय-०१००२०: डेटा डिक्शनरी इनिशियलायझेशन फेल्ड
एमवाय-०१०११९: अबॉर्टिंग

टर्मिनलवाला
मग डेटा सुखरूप आहे, निर्धास्त राहा. ती ओळ काढलीत तर सर्व्हर आत्ता लगेच सुरू होईल. फक्त सॉफ्टवेअर चालणार नाही.

नेमकं काय झालंय ते सांगतो. विंडोजवर ही सेटिंग मुळातच १ असते, म्हणजे टेबलाचं नाव कसंही लिहा, साठवताना ते लहान अक्षरांतच जातं. त्यामुळे तुमच्या डम्पमध्ये टेबल plotmaster असं लहान अक्षरांत आलं. लिनक्सवर सेटिंग ० असते, तिथे लहान-मोठी अक्षरं वेगळी धरतात. सॉफ्टवेअर कॅपिटल पी आणि एम असलेलं नाव मागतंय, ते तिथे नाहीच. सल्ला देणाऱ्याची दिशा बरोबर होती, पण ८.० पासून ही सेटिंग डेटा फोल्डर पहिल्यांदा तयार होतानाच ठरते, नंतर बदलता येत नाही. एपीटीने इन्स्टॉल करतानाच ० धरून फोल्डर बनवून टाकला. ५.७ च्या काळातले लेख अजून फिरतायत, त्यात हे नसतं.

तेव्हा फोल्डर नव्याने बनवावा लागेल:

१. डम्पनंतर उबंटूवर काही नवीन भरलं असेल तर ती ओळ पुढे हॅश (#) लावून बंद करा, सर्व्हर सुरू करून आधी त्याचा डम्प घ्या. सुरू होताना तोच 'टू क्विकली' आडवा आला तर सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड मायएसक्यूएल.
२. सर्व्हर थांबवा. /व्हार/लिब/मायएसक्यूएल चं नाव बदलून मायएसक्यूएल-जुना करा. डिलीट करू नका.
३. त्याच जागी रिकामा फोल्डर, मालक आणि ग्रुप दोन्ही मायएसक्यूएल, परवानगी ७००.
४. सेटिंगची ओळ परत चालू करा. ती चौकटी कंसातल्या मायएसक्यूएलडी या विभागाखालीच हवी. नुसत्या मायएसक्यूएल विभागाखाली गेली तर क्लायंटच 'अननोन व्हेरिएबल' म्हणून भांडेल.
५. सुडो मायएसक्यूएलडी --इनिशियलाइझ --युजर=मायएसक्यूएल --लोअर-केस-टेबल-नेम्स=१
६. सर्व्हर सुरू करा. एरर.लॉगमध्ये 'टेम्पररी पासवर्ड' शोधा, त्याने रूट म्हणून आत जा आणि लगेच ऑल्टर युजरने पासवर्ड बदला. त्याआधी दुसरं काहीच करू देत नाही.

उबंटूच्या मूळ इन्स्टॉलमध्ये सुडो मायएसक्यूएल म्हटलं की पासवर्डाशिवाय आत जाता येतं. आता ती सोय नसेल, पासवर्ड लागेलच.

गोदाकाठ
डम्प विंडोजवर कसा काढला होता? पॉवरशेलमध्ये मायएसक्यूएलडम्प आणि पुढे 'पेक्षा मोठे' चिन्ह देऊन काढला असेल तर फाइल यूटीएफ-१६ मध्ये बनते. ती लिनक्सवर चढवताना अडते, किंवा मधल्यामध्ये कुणी ती 'कन्व्हर्ट' केली की मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं. तुमचा चढला म्हणताय, तरी नावं उघडून बघा.

पॅकहाऊस_पिंपळगाव
पाहिलं. आमच्या माणसाने नोटपॅडमध्ये उघडून एएनएसआय म्हणून सेव्ह केली होती! सगळीकडे प्रश्नचिन्हं. विंडोजचं मशीन अजून चालू आहे, नवीन डम्प काढता येईल.

गोदाकाठ
सुटलात. प्रश्नचिन्हं झालेलं नाव परत येत नाही, मूळ मशीन असल्यामुळेच जमतंय. या वेळी चिन्ह न वापरता --रिझल्ट-फाइल= देऊन फाइलचं नाव द्या. सोबत --डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट=यूटीएफ८एमबी४, --सिंगल-ट्रान्झॅक्शन, --रूटीन्स, --इव्हेंट्स आणि --डेटाबेसेस पुढे फक्त तुमच्या डेटाबेसचं नाव. रूटीन्स (डेटाबेसमध्येच साठवलेल्या प्रोसीजर वगैरे) सांगितल्याशिवाय येत नाहीत. बिलाची बेरीज एखाद्या प्रोसीजरमध्ये असेल तर ती मागेच राहायची. ऑल-डेटाबेसेस नको, विंडोजवरची युजरची टेबलं इथे आणायची गरज नाही. नोटपॅडला हात लावू नका.

पॅकहाऊस_पिंपळगाव
डम्प काढला, मराठी नीट दिसतंय. मात्र पायरी ५ ला अडलो. डेटा दुसऱ्या एसएसडीवर ठेवायचा म्हणून डेटाडिर (डेटा फोल्डरचा पाथ) बदलून दिलं होतं (/मीडिया मधला पाथ), तर 'एरर नंबर १३, परमिशन डिनाइड'. सुडोने चालवतोय तरी. मालकी बदलायची कमांड चालते पण मालक बदलतच नाही.

टर्मिनलवाला
हे आधी सांगायला हवं होतं, भाऊ. इथे तीन गोष्टी एकात एक अडकल्यात.

मालक बदलत नाही म्हणजे ती एसएसडी बहुधा एनटीएफएस (विंडोजची फाइल-मांडणी) आहे, विंडोजच्या मशीनमधून काढलेली. त्यावर लिनक्सची मालकी टिकत नाही. आतलं सगळं दुसरीकडे काढून घ्या आणि ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल-मांडणी) ने फॉरमॅट करा.

/मीडिया मध्ये डिस्क डेस्कटॉपवर लॉगिन केल्यावर जोडली जाते. लाइट जाऊन मशीन आपोआप सुरू झालं तर तेव्हा डिस्कच नसेल. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) यूयूआयडीने (डिस्कचा कायमचा ओळख क्रमांक) /डेटा वर जोडा. डेटाडिर थेट /डेटा नको, /डेटा/मायएसक्यूएल असा आतला फोल्डर घ्या, कारण वरच्या पातळीवर लॉस्ट+फाउंड असतो.

तिसरं ॲपआर्मर (कोणत्या प्रोग्रामने कुठे हात लावायचा ते ठरवणारी उबंटूची सुरक्षा यंत्रणा), आणि सगळ्यात जास्त लोक इथेच हैराण होतात. रूट असलात तरी मायएसक्यूएलडीला ठरलेल्या फोल्डरबाहेर ते जाऊ देत नाही. जर्नलसीटीएल -के मध्ये 'डिनाइड' शोधलंत तर पाथसकट दिसेल. /ईटीसी/ॲपआर्मर.डी/लोकल/यूएसआर.एसबिन.मायएसक्यूएलडी या फाइलमध्ये दोन ओळी:
/डेटा/मायएसक्यूएल/ आर,
/डेटा/मायएसक्यूएल/** आरडब्ल्यूके,
शेवटचे स्वल्पविराम हवेतच. मग ॲपआर्मर_पार्सर -आर ने मूळ प्रोफाइल पुन्हा लोड करा. ॲपआर्मर पूर्ण बंद करा असं कुणी सांगेल, ऐकू नका; दोन ओळींचं काम आहे.

आणि सिस्टमसीटीएल एडिट मायएसक्यूएल करून युनिट विभागात रिक्वायर्समाउंट्सफॉर=/डेटा/मायएसक्यूएल टाका, म्हणजे डिस्क जोडल्याशिवाय सर्व्हर उठायची घाई करणार नाही.

सातपूरकर
एवढा खटाटोप कशाला? विंडोजवरच राहू द्यायचं ना.

टर्मिनलवाला
चालतंही. पण ते हलवायचं ठरवून बसलेत, आणि अर्ध्याहून जास्त काम झालंय.

पॅकहाऊस_पिंपळगाव
सर्व्हर सुरू झाला! डम्प चढला, नावं मराठीत, सॉफ्टवेअर सर्व्हरच्या मशीनवर चालतंय. वजनकाट्याच्या पीसीवरून मात्र २००३ एरर (सर्व्हरशी जोडणीच होत नाही).

गोदाकाठ
उबंटूच्या मायएसक्यूएलडी.सीएनएफमध्ये बाइंड-ॲड्रेस १२७.०.०.१ असतो, म्हणजे बाहेरच्या मशीनला दारच बंद. तिथे सर्व्हरचा लॅनमधला आयपी द्या (तो राउटरमध्ये कायमचा बांधून ठेवा, रोज बदलला तर सर्व्हर पुन्हा उठणार नाही). सॉफ्टवेअरसाठी वेगळा युजर बनवा, होस्टच्या जागी १९२.१६८.१.% किंवा तुमची जी रेंज असेल ती. यूएफडब्ल्यू (उबंटूची फायरवॉल) चालू असेल तर ३३०६ पोर्ट फक्त त्या रेंजसाठी उघडा.

त्यानंतर २०५९ एरर आला तर काट्यावरचा ओडीबीसी ड्रायव्हर (सॉफ्टवेअर आणि डेटाबेस यांना जोडणारा) जुना आहे, त्याला कॅशिंग_शा२_पासवर्ड ही पासवर्ड तपासायची नवी पद्धत कळत नाही. ड्रायव्हर नवा टाका. ते जमत नसेल तर तेवढाच एक युजर मायएसक्यूएल_नेटिव्ह_पासवर्ड या जुन्या पद्धतीवर ठेवा. ८.० मध्ये ते चालतं, ८.४ मध्ये मुळात बंद असतं आणि ९.० मधून काढून टाकलंय, म्हणजे अपग्रेडच्या वेळी हे पुन्हा समोर येईल.

टर्मिनलवाला
एक राहिलं. नव्याने इनिशियलाइझ केल्यामुळे डेबियन-सिस-मेंट हा देखभालीच्या कामांसाठी उबंटूने बनवलेला युजर गेला असणार. त्याच्याशिवाय सर्व्हर चालतो, पण लॉगरोटेट (जुने लॉग बाजूला काढणारं साधन) त्याच्याच नावाने आत जातं. /ईटीसी/मायएसक्यूएल/डेबियन.सीएनएफ मध्ये त्याचा पासवर्ड आहे, तोच देऊन लोकलहोस्टवर युजर बनवा, रीलोड आणि शटडाउनचे हक्क पुरेत. मायएसक्यूएल-जुना फोल्डर मात्र हिशेब जुळेपर्यंत ठेवा: प्लॉटनिहाय क्रेटची बेरीज विंडोजवर आणि इथे सारखी आली की मगच उडवा.