मदत हवी आहे: गावी भावाला वाळीत टाकलंय, तक्रार कुठे करू?

रानजाई | १६ जून २०२०, रात्री ११:४०

कुणाला माहीत असेल तर लगेच सांगा. गावी माझ्या भावाला आणि त्याच्यापायी आईबाबांनाही वाडीने बंद केलंय. विहिरीवर यायचं नाही, दुकानात यायचं नाही, रतीब बंद. मागचे पत्रे उडालेत, ते बसवायला कोणी येत नाही. सगळं याच्यामुळे झालं म्हणतात. त्याने १४ दिवस पूर्ण केले होते, तरीही! तक्रार कुठे करायची? ऑनलाइन होते का? पोलिसांत गेलो तर उलट भावावरच गुन्हा दाखल होईल का? मी इथून हलू शकत नाही. तीन रात्री डोळा लागलेला नाही, कृपया नेमकं सांगा.

पाणंद | रात्री ११:५८

गावाचं नाव नको, पण तालुका तरी सांगा. "सगळं याच्यामुळे झालं" म्हणजे काय झालं? भाऊ पॉझिटिव्ह आहे का? तो मुंबईहून गेला होता असं धरून चाललोय, तुम्ही तेही लिहिलेलं नाही.

कोर्टाची पायरी | १७ जून, रात्री १२:१०

कायदा स्पष्ट आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा स्वतंत्र अधिनियम आहे आणि तो २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाणी अडवणं, व्यवहार तोडणं हे सगळं त्यात येतं. भावाने पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. कोण काय बोललं ते तारीख-वार लिहून ठेवायला सांगा. रायगडातल्या वाळीत प्रकरणांमुळेच या कायद्याची मागणी जोर धरू लागली होती, तेव्हा कोकणातल्या पोलिसांना हा विषय नवा नाही.

निसर्गोपासक | रात्री १२:२५

ताई, आधी घरच्यांची प्रतिकारशक्ती बघा. आर्सेनिक अल्बम ३० तीन दिवस उपाशीपोटी. सुंठ, मिरी, दालचिनी, तुळस यांचा काढा दोन वेळा. आमच्या अख्ख्या इमारतीला दिलं, एकही रुग्ण नाही.

दवबिंदू | रात्री १२:४१

निसर्गोपासक, त्यांनी औषध विचारलेलं नाही. त्या गोळ्यांनी करोना टळतो याला पुरावा नाही, आणि गोळ्या घेतल्या म्हणून लोक मास्क खाली करतात हे मी रोज बघते. मी सांगलीकडे सरकारी दवाखान्यात नर्स आहे.

रानजाई, मला फक्त तारखा द्या. भाऊ मुंबईहून कधी निघाला, कुठे राहिला, घरी कधी गेला, आजारी कोण आणि ताप कधी आला.

रानजाई | सकाळी ७:०५

मंडणगड तालुका. भाऊ, वहिनी, त्यांची चार वर्षांची मुलगी. ई-पास काढून १८ मेला टेम्पोने गेले. शाळेत ठेवलं होतं, १ जूनला घरी सोडलं. आमच्या शेजारच्या काकांना ९ तारखेला ताप आला, १३ ला रिपोर्ट पॉझिटिव्ह. वय ६८, तालुक्याबाहेर दवाखान्यात आहेत, ऑक्सिजनवर. त्यानंतर वाडीने बैठक घेतली.

भावाला काहीच झालेलं नाही. त्याची टेस्ट कशाला करतील?

पाणंद | सकाळी ७:२०

म्हणजे भाऊ पॉझिटिव्ह असल्याचा कुठलाच कागद नाही, आणि नसल्याचाही नाही. हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं.

बाणकोटकर | सकाळी ८:१५

मी याच तालुक्यातला, सध्या गावीच आहे. वीज नाही. बॅटरी गाडीवर चार्ज करून आणि टेकडीवर येऊन लिहितोय, म्हणून एकदाच लिहितो.

वाळीत टाकणं चूकच. पण आमची भीतीही समजून घ्या. गावात आता साठीच्या पुढचीच माणसं जास्त. साधा एक्स-रे काढायचा तर तालुक्याला जावं लागतं, जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय चार तासांवर. मेमध्ये स्वॅब मिरजेला जायचे, रिपोर्ट येईपर्यंत जीव टांगणीला. त्यात ३ जूनला निसर्ग वादळ आलं आणि दिवेआगर-श्रीवर्धनवरून वर सरकताना आम्हालाही झोडपून गेलं. पोफळी झोपल्या, आंबे मुळासकट पडले, विजेचे खांब काडेपेटीतल्या काड्यांसारखे मोडले. माणसं आधीच खचलेली, त्यात काका ऑक्सिजनवर. अशा वेळी कुणाला तरी बोट दाखवायला हवं असतं. याच वाडीच्या चुली दोन पिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरीवर पेटल्या, हे आम्ही विसरलेलो नाही. पण चार महिन्यांपूर्वी ज्यांना आणायला आम्ही स्टँडवर जायचो, त्यांच्याच टेम्पोसमोर मेमध्ये बांबू आडवे टाकून उभे होतो. मीही होतो, खोटं बोलणार नाही. रात्री झोप लागली नव्हती.

वकीलसाहेब, तुमचा कायदा खरा असेल. पण आज तक्रार दिली तर ही बाई पुढची वीस वर्षं गणपतीला घरात पाहुण्यासारखी येईल. लावणीला कोण येणार त्यांच्याकडे?

कोर्टाची पायरी | सकाळी ९:०२

म्हणजे लावणीला माणसं मिळावीत म्हणून पाण्यावाचून राहायचं? "समजून घ्या" हे नेहमी ज्याच्यावर अन्याय झालाय त्यालाच सांगितलं जातं.

बाणकोटकर | सकाळी ९:३०

पाण्यावाचून राहा असं कुठे म्हटलं? पोलीस पाटील आणि सरपंच दोघेही ग्राम कृती दलात असतात. आधी त्यांना फोन करा. पाणी अडवता येत नाही हे त्यांनी एकदा बोलून दाखवलं तरी निम्मे लोक गप्प होतील. कागद नंतर.

गणपतीला_गावी | सकाळी ९:४५

या धाग्यावर मंडणगड-दापोलीची मंडळी दिसतायत म्हणून विचारतो. २२ ऑगस्टला चतुर्थी आहे. चाकरमान्यांना किती दिवस आधी जावं लागेल? एसटी सुटेल का? सुट्टीचा अर्ज आत्ताच द्यावा लागतो.

पाणंद | सकाळी ९:५०

कृपया वेगळा धागा काढा.

मोडीवाचक | सकाळी १०:२०

१८९६ चा सप्टेंबर. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून गावाकडे निघाली. त्यात कोकणातले गिरणी कामगारही होते. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला, आज सरकार वापरतंय तोच. पुण्यात घराघरात शिरून झडती सुरू झाली, सामान जाळलं गेलं, संशय आला तरी माणसाला उचलून नेत. परिणाम असा झाला की लोक रोगी लपवू लागले. पुढे २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली ते सर्वांना माहीत आहे. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या, ते मात्र कमी जणांना आठवतं.

कोर्टाची पायरी | सकाळी १०:३१

मोडीवाचक, माहिती उत्तम, पण बाईंच्या घरावर छप्पर नाही.

मोडीवाचक | सकाळी १०:४४

छपराशी संबंध आहे. दोष लागणार हे कळलं की माणूस पहिल्यांदा ताप लपवतो. रानजाई, तुमच्या घरी सगळ्यांची तब्येत ठीक आहे ना, एवढंच विचारायचं होतं. सरळ विचारायला हवं होतं.

दवबिंदू | सकाळी ११:१५

तारखांबद्दल. संसर्गापासून लक्षणांपर्यंत दोन ते १४ दिवस, बहुतेकांना पाच-सहा. भावाला मुंबईतच लागण झाली असती तर १ जूनपर्यंत ती उघड झाली असती, किंवा लक्षणंच नसतील तर संसर्ग पसरवण्याचा काळ बराचसा उलटून गेला असता. काकांना ताप ९ ला, म्हणजे लागण साधारण ३-४ जूनच्या आसपास. मला दोन गोष्टी सांगा. शाळेत भावाच्या कुटुंबाशिवाय आणखी कोण होतं? आणि ३ जूनला काका कुठे होते?

रानजाई | दुपारी १:५०

शाळेत तीन कुटुंबं, ११ माणसं. दोन वर्ग, एक संडास. तिसरं कुटुंब २७ मेला आलं.

३ तारखेला काका आमच्याच घरात होते. आमच्या पुढच्या दोन खोल्यांना स्लॅब आहे, वाडीत बाकी सगळी कौलारू घरं. दुपारी वारा सुटला तेव्हा बाबांनीच हाका मारून सगळ्यांना आत घेतलं. तीसेक माणसं, दोन खोल्या, दारं-खिडक्या बंद. रात्री उशिरापर्यंत. आईने चुलीवर सगळ्यांना पेज करून घातली. मागे आमच्याच स्वयंपाकघराचे पत्रे गेले तेव्हा भावाने काकांना पाठीवर उचलून पुढच्या खोलीत आणलं होतं. हे मी लिहिलं नाही कारण मला वाटलं त्याचा संबंध नाही.

आता तेच लोक म्हणतात, तुमच्या घरात बसलो म्हणून झालं.

खाडीपलीकडे | दुपारी २:२५

वाचून पोटात कालवलं. मी शेजारच्या तालुक्यातला, मस्कतला असतो. एप्रिलमध्ये दिल्लीच्या मरकजच्या बातम्या आल्या आणि आमच्या मोहल्ल्यातल्या भाजी-मासळीवाल्यांना वाड्यांनी दारात उभं केलं नाही. त्यातला एकही माणूस दिल्लीला गेला नव्हता. माझ्या मामांनी ४० वर्षं ज्या अंगणात मासळीची पाटी उतरवली, तिथून त्यांना परत पाठवलं. मेमध्ये तेच बोट चाकरमान्यांकडे वळलं. मामांना आता परत बोलावतात, पण ते त्या अंगणात जात नाहीत. तुमच्या भावाचं असं होऊ देऊ नका. काहीही करा, पण लवकर करा.

दवबिंदू | दुपारी ३:१०

रानजाई, खरं ते सांगते. शाळेत २७ ला आलेल्या माणसाकडून भावाला लागण झालेली असू शकते. १४ दिवस शेवटचा माणूस आला त्या दिवसापासून मोजायला हवे होते. त्यात भावाची चूक नाही, त्याला सोडलं म्हणून तो घरी गेला. तसंच त्या तीस माणसांपैकी दुसऱ्या कुणाकडून किंवा वादळानंतर काका कुठे गेले असतील तिथूनही लागण झालेली असू शकते.

बाणकोटकर | दुपारी ४:४०

वादळानंतर पत्र्यांसाठी आणि मेणबत्त्यांसाठी अख्खा तालुका बाजारात लोटला होता. तोंडाला फडकं कोणाच्या नव्हतं. काका गेले असतील तर मला नवल वाटणार नाही.

कोर्टाची पायरी | दुपारी ४:५५

हेच तर बचावाचे मुद्दे आहेत. लिहून ठेवा.

दवबिंदू | संध्याकाळी ५:२०

बचाव कसला? खटला नाही चाललेला. कुणी आणला हे आता कोणीच सांगू शकणार नाही, आणि ते शोधण्यात वेळ घालवू नका. काकांच्या जवळ बसलेल्या सगळ्यांचे स्वॅब झाले का? मोडीवाचकांनी घरच्या तब्येतीबद्दल विचारलं त्याचं उत्तरही तुम्ही दिलेलं नाही.

रानजाई | रात्री ८:३५

आत्ता भावाचा फोन लागला. आईला रविवारपासून ताप आणि कोरडा खोकला आहे. तिने भावाला शपथ घातली होती, मला सांगायचं नाही, आशाताईला तर मुळीच नाही. म्हणते, कळलं तर घराला कायमची काट लावतील. आशाताई सोमवारी येऊन गेली, आई आतल्या खोलीत तोंडात पदर कोंबून बसली. वय ६१, बीपीची गोळी चालू आहे. मी आत्ता काय करू?

दवबिंदू | रात्री ८:३८

बाकी सगळं बाजूला. आत्ता भावाला फोन करा. आईला बोलताना धाप लागते का? एक वाक्य न थांबता पूर्ण बोलते का? ओठ, नखं निळसर? यातलं काहीही असेल तर १०८. नसेल तर आशाताईला आजच कळवा आणि उद्या सकाळी ऑक्सिमीटरने मोजून घ्या. ९४ च्या खाली असेल तर थांबायचं नाही, नेमकं किती ते नंतर बघू. बीपीची गोळी बंद करू नका. आईसाठी वेगळी खोली, खिडकी उघडी, मुलीला लांब ठेवा.

कोर्टाची पायरी | रात्री ८:४४

आशाताई किंवा गाडी कोणी अडवली तर मात्र ऐकून घेऊ नका. एप्रिलच्या अध्यादेशाने आरोग्यसेवकांना त्रास देणाऱ्यावर तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली आहे. जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७. माझं आधीचं म्हणणं तूर्त बाजूला ठेवा.

बाणकोटकर | रात्री ८:५२

वाडीचं नाव मला खाजगी निरोपात पाठवा. तिथले पोलीस पाटील माझ्या मावसभावाच्या ओळखीचे निघू शकतात. रात्रीच बोलतो.

रानजाई | १८ जून, रात्री ९:१५

सर्वांना कळवते. आईला धाप नव्हती. सकाळी आशाताई आली, ऑक्सिजन ९६. आई तिच्यासमोर रडली. आशाताई म्हणाली, वाडीत अजून दोन घरांत ताप आहे आणि ती घरंही लपवतायत. दुपारी गाडी आली, आमच्या चौघांचे आणि बाबांचे मिळून सगळे स्वॅब घेतले. भाऊ स्वतःहून पुढे झाला. ते बघून त्या दोन घरांतलेही आले. रिपोर्ट यायचे आहेत.

(घाईत चुकीचं लिहिलं: भाऊ, वहिनी, मुलगी, आई, बाबा असे पाच. मी इथे आहे.)

पोलीस पाटील बाणकोटकरांच्या फोननंतर आले होते. विहिरीवर आम्ही जायचं नाही, पण वाडीतला एक मुलगा रोज सकाळी सहा हंडे आमच्या बांधावर ठेवणार. भाऊ तयार झाला. मला राग आहे, पण आत्ता पाणी आलं. ताडपत्रीही कोणीतरी पडवीत टाकून गेलं, नाव सांगितलं नाही. उद्या जोराचा पाऊस सांगितलाय.

एक विचारायचं होतं. काकूंनी कुंपणापलीकडून भावाकडे माझा नंबर मागितला. बैठकीत सगळ्यात जास्त त्याच बोलल्या होत्या. मीच आधी फोन करू का? काय बोलू?

बाणकोटकर | रात्री ९:४०

करा. काकांची तब्येत विचारा, बाकी काही काढू नका.

खाडीपलीकडे | रात्री ९:४८

भावाने पाठीवरून नेलं तेही काढू नका. त्यांना ते आठवत असेल.

रानजाई | रात्री १०:२०

चार वेळा लावला. लागत नाहीये, टॉवर परत गेलाय बहुतेक. सकाळी परत बघते.