कासवाला महोत्सव, व्हेल शार्कला ठेंगा?

रापणकर: 'रत्नागिरीतल्या वेळासची कासवं वाचली, कोकणचा समुद्र वाचला' असं काल इथे कुणीतरी फोटोसकट टाकलंय. वाचून डोकं उठलं. पिल्लं वाळूवरून समुद्राकडे तुरुतुरु पळतात, फोटो गोड येतो, म्हणून ती बघायला महोत्सव! धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत, रेड लिस्टमध्ये, वेळासचं ऑलिव्ह रिडले कासव 'असुरक्षित', तर व्हेल शार्क 'संकटग्रस्त', म्हणजे एक पायरी आणखी वाईट. माशाचं एवढं धूड, खातं प्लवक, म्हणजे पाण्यातले बारीक जीव, आणि विचारतो कोण?

पेठकर: फोटो माझाच. २००२ मध्ये कासवं वाचवायचं काम सुरू व्हायच्या आधी वेळासला अंडी पळवून खाल्ली-विकली जायची. आता पाहुणे गावातच जेवतात, पैसा गावात राहतो. व्हेल शार्कची अंडी पोटातच फुटतात, तो किनाऱ्यावर येतच नाही. महोत्सव काय भरसमुद्रात भरवू?

सौराष्ट्र रिटर्न: गुजरातेत जमलं की! तिथे यकृताच्या तेलासाठी मारायचे, लाकडी होड्यांना चोपडायला. २००१ मध्ये कायद्याचं संरक्षण आलं, पण फरक पडला २००४ नंतर. कथाकार मोरारी बापूंनी त्याला 'व्हाली', माहेरी आलेली लेक म्हटलं आणि कोळी जाळी कापून सोडायला लागले.

रापणकर: जाळी कापा म्हणे! आमच्या जाळ्यात आला होता. पाठीवरचे पांढरे ठिपके हाताला लागतील इतका जवळ, शेपटीचा एक फटका आणि बोटीची कड पाण्याला टेकली. कापलेल्या जाळ्याच्या भरपाईला व्हिडिओ लागतो, म्हणून भावाच्या एका हातात सुरी, दुसऱ्यात मोबाइल. सरकारी मदत २५ हजारांपर्यंत. तेवढ्यात आमचं जाळं येतं का, बाजारात विचारून या! वर अर्जासाठी चार खेपा. आणि रात्री एलईडी दिव्यांनी मासे ओढून समुद्र धुऊन नेणारे? २०१७ पासून बंदी आहे, तरी दिवे दिसतातच.

पेठकर: एलईडी कुठून आलं मध्येच?

रापणकर: मध्येच? आमचं घर या समुद्रावर चालतं, दादा. तुम्ही येता ते शनिवार-रविवारी.

सौराष्ट्र रिटर्न: भांडा. तिकडे ट्रॉलरच्या जाळ्यात मोठी कासवं गुदमरतायत. कासवाला बाहेर पडायची सोय जाळ्यात नाही म्हणून २०१९ मध्ये अमेरिकेने आपल्या समुद्रातल्या कोळंबीची आयात बंद केली, तेव्हा कुठे सगळ्यांना कासव आठवलं.

पेठकर: बरं बुवा, 'समुद्र वाचला' हे जास्तच झालं. खोडतो. फोटो मात्र राहू देतो.

रापणकर: उपकार झाले. पावसाळ्यानंतर बोटीवर या, व्हाली दिसली तर दाखवतो. ओकलात तर बोट धुवायची तुम्ही.