देवनागरीतलं लॅटिन : च कुठला?

समूहगायन करणाऱ्यांना एक सल्ला दिला जातो, की सीपीडीएलवरून (समूहगीतांच्या मोफत स्वरलिपींचं संकेतस्थळ) पान उतरवायचं, शब्दांखाली देवनागरी लिहायची, की कुठल्याही भाषेतलं गाणं बसवता येतं. बरंचसं पटतं, पण मराठी माणसाला त्यात एक खड्डा आहे: च. कोल्हापुरातल्या आमच्या वीसेक जणांच्या मिश्र गायनगटात मी 'दोना नोबिस पाचेम' ('आम्हाला शांती दे' अशा अर्थाची लॅटिन ओळ) असं लिहून झेरॉक्स वाटल्या. सोप्रानो-आल्टो (बायकांचे वरचे-खालचे आवाज) 'चहा'तल्या चनं गायल्या, टेनर (पुरुषांचे वरचे आवाज) मात्र थेट 'पाच रुपये'वाल्या चनं! मिरजकर तिकटीवर भाजी घेतल्यासारखं वाटलं.

गंमत म्हणजे टेनर अगदीच चुकले नव्हते. इटालियन वळणाच्या लॅटिनमध्ये ई-एच्या आधीचा सी तालव्य, 'चहा'सारखा. जर्मन वळणात तोच 'त्स', म्हणजे जवळपास आपला दंत्य च. दोन्ही ध्वनी आपल्या जिभेवर तयार आहेत, लिपीत मात्र अक्षर एकच. तेव्हा कुठलं वळण ते आधी ठरवा. आम्ही इटालियन घेतलं आणि 'पाच्येम' लिहिलं. दिसतं विचित्र, पण टेनर सुधारले. आणि शब्द तोडताना 'नो-बिस' असंच तोडा, 'नोब्-इस' नको. लांब सूर स्वरावर धरायचा असतो, ब् वर नाही.