पुस्तकांची जुनी इटालियन मांडणी: खांबांना भोकं पाडू का?

वाचनवेडी:
मिलानमध्ये आले तेव्हा पहिली तीन वर्षं ज्या आजींकडे खोली घेऊन राहिले, त्या आता मुलीकडे गेल्या. जाताना त्यांच्या लग्नातली, 1959 सालची पुस्तकांची मांडणी मला देऊन गेल्या. पालिसांद्रोचे, म्हणजे शिसवीच्या जातीच्या लाकडाचे चार उभे खांब, पितळी आधारांवर टेकलेल्या फळ्या. मागे पाठ नाही, भिंतीत एक खिळा नाही. खांबांच्या टोकांचे पितळी पाय फिरवले की ते जमीन आणि छताच्या मध्ये घट्ट बसतात.

माझं छत त्यांच्यापेक्षा 12 सेंटिमीटर उंच आहे, पाय तेवढे उघडत नाहीत. सुतार म्हणतो, खांब भोकं पाडून भिंतीला स्क्रूने आवळू. मला ते बघवणार नाही. शिवाय पॉलिश पांढुरकं झालंय, घासून घेऊ का?

रंधा:
भोकं अजिबात नकोत. त्याच रंगाच्या लाकडाचे चार ठोकळे करून खांबाच्या वर द्या, छताला टेकतो तिथे नमद्याचा तुकडा. पाय पूर्ण उघडू नका. आटे आत कमी राहिले तर डुगडुगतात. आधी छत ठोकून बघा. फॉल्स सीलिंग असेल तर हा दाब त्याला पेलणार नाही.

घासायचं तर त्याहून नको! फळीच्या कडेवर वरच्या नक्षीच्या रेषा पुढे जात नसतील तर ते व्हिनियर आहे, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर, मिलिमीटरभरही जाड नसतं. पॉलिश पेपरने ते एकदा पार झालं की संपलं. आतल्या बाजूला स्पिरिटचा एक थेंब लावून बघा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश आहे, आणि तो पांढुरका थर बहुधा ओलाव्याचा. ते जाणकाराकडून वरच्या वर दुरुस्त होतं.

जुनी फळी:
जमीन-छतात अडकणारी एलबी7 ही मांडणी, इटालियन वास्तुरचनाकार फ्रांको अल्बिनीची, पाव्हियाच्या पोज्जी कारखान्याने काढली होती, तीही 1950च्या दशकातच. पण तशी रचना इतरांनीही केली, त्यामुळे शिक्का किंवा कागद असल्याशिवाय नाव लावू नका. आणि कधी भारतात नेणार असाल तर लाकडाची जात आधी तपासा. ब्राझीलचं पालिसांद्रो 1992 पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, कागदांशिवाय सीमा ओलांडता येत नाही.

वाचनवेडी:
छत पक्कं आहे, ठोकून पाहिलं. सुताराला चार ठोकळे सांगितले. सगळ्यात खालच्या फळीच्या पोटावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं सापडलंय, आजींना फोन करून वाचून दाखवते.