मदत हवी आहे: डी अँड डीमध्ये (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून भूमिका खेळायचा खेळ) फौजांची लढाई कशी चालवायची?

मंडळी, पुढच्या सेशनला ऑर्कांची (राक्षसी योद्ध्यांची) फौज किल्ल्यावर चालून येणार आहे. बाहेर ६०० ऑर्क, आत १५० शिबंदी आणि पाचव्या लेव्हलचे ४ प्लेअर. आम्ही पाचवी एडिशन खेळतो, २०१४ची. एकेकाचा इनिशिएटिव्ह (कोणाची पाळी आधी ते) काढत बसलो तर उजाडेल, लढाई संपायची नाही.

डंजन मास्टर्स गाइडमधला (खेळ चालवणाऱ्याच्या नियमपुस्तकातला) जमावाचा नियम बघितलाय: ऑर्कचा हल्ला +५, समोरच्याचा एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १८, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १३ हवेत, तेव्हा फासे न टाकता दर ३ ऑर्कांमागे १ वार लागला असं धरायचं. वीसपंचवीस जणांना हे झकास, पण ६०० ना? त्यात आमच्यातल्या विझार्डकडे (जादूगाराकडे) फायरबॉल, म्हणजे आगीच्या स्फोटाचा मंत्र. सरासरी डॅमेज २८ आणि ऑर्कचे एचपी (जीव किती ते) १५! २० फूट त्रिज्येत दाटीने उभी बहुतेक तुकडी एका फटक्यात साफ. (गडी वाटच बघतोय.)

सध्या डोक्यात आहे ते असं: ५० ऑर्कांची एक तुकडी, एचपी तुकडीचे मिळून, निम्मे पडले की पळतात का यासाठी फासा. प्लेअरनी दरवाजा धरायचा, सरदाराला गाठायचं. पण त्याचा बाकीच्या लढाईवर परिणाम कसा मोजायचा? कोणी चालवलंय का असं काही? नवी सिस्टिम मात्र सुचवू नका, आमचे दोघे अजून स्पेल स्लॉटमध्येच (मंत्र किती वेळा वापरता येतात त्या हिशोबात) अडकलेत.